आधी पुसायचं, मग झाडायचं!

मैत्रिणींनो, समजा, उद्या तुमच्या घरी नवी सून आली. सकाळी उठून तिनं आधी सगळ्या फरश्या ओल्या फडक्यानं लखलखीत पुसल्या. मग केर काढला. केर काढून झाल्यावर स्टूल घेतलं आणि छताची जळमटं पाडली. ती पाडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की मोरीचा पाइप तुंबलाय. म्हणून मधल्या खोलीतली फरशी उखडली. आठ दिवसांनी ती परत बसवली, पण शेजारच्या फरशीपेक्षा दोन बोटं उंच. आणि एवढं सगळं झाल्यावर दारावर पाटी लावली : 'या घराचे सुशोभीकरण सूनबाईंच्या विशेष प्रयत्नांतून.'

तुम्ही काय कराल? कपाळावर हात मारून घ्याल. मी मात्र तिला जवळ बसवून प्रेमानं सांगेन, "बाळ, तू इथं कशाला वाया जातेस? तू महानगरपालिकेत जा. तिथं तुझी कदर होईल."

आमच्या शहराचं नाव मी सांगणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, सांगून काही उपयोग नाही म्हणून. विदर्भातली मैत्रीण म्हणेल, "अगं, हे तर आमचंच!" खानदेशातली म्हणेल, "छे, आमच्या गल्लीवरून लिहिलंय." तेव्हा तुम्ही आपापल्या गावाचं नाव घाला आणि पुढं वाचा.

आमच्या घरापासून मारुतीचं देऊळ मोजून चारशे पावलांवर आहे. 'मोजून' हे उगाच नाही म्हणत. माझ्या सासूबाईंनी ती मोजली आहेत. गेली कित्येक वर्षं त्या रोज संध्याकाळी पाच वाजता देवळात जातात, म्हणजे जात होत्या. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. देवळाच्या कट्ट्यावर त्यांच्या तीन मैत्रिणी. चौघींचं मिळून ते एक साप्ताहिकच म्हणा ना! कुणाच्या सुनेनं काय केलं इथपासून गुडघ्याला कुठलं तेल चांगलं इथपर्यंत सगळी सदरं तिथं चालत.

या चारशे पावलांची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

सुरुवात झाली मार्चमध्ये. मार्च आला की आपली वाळवणं गच्चीवर आणि पालिकेचं डांबर रस्त्यावर! वर्षभर "निधी नाही हो ताई" म्हणणाऱ्यांना मार्चमध्ये अचानक निधी सापडतो. कारण साधं आहे. ३१ मार्चला सरकारी वर्ष संपतं, आणि त्या वर्षासाठी मंजूर झालेला पैसा तोवर खर्च झाला नाही तर तो परत जातो. आपल्याकडे महिनाअखेर चार पैसे उरले तर आपण ते डाळीच्या डब्यात लपवतो आणि मनातून खूश होतो. तिथं पैसे उरले तर साहेबांना घाम फुटतो. मग काय, जो रस्ता बरा आहे त्यावरच आणखी एक थर. खराब रस्त्याला हात लावायचा तर वेळ लागतो ना!

तर त्या मार्चमध्ये आमची गल्ली काळी कुळकुळीत झाली. माझ्या कुरडयासुद्धा झाल्या, पण ते असो. नव्या डांबराचा वास ओसरतो न ओसरतो तोच एप्रिलमध्ये पाण्याची नवी नळवाहिनी टाकायला गल्ली उभी चिरली. मेमध्ये केबलवाल्यांनी दुसऱ्या बाजूनं चिरली. जूनमध्ये गॅसच्या पाइपवाल्यांनी आडवी. मी खिडकीतून एकाला विचारलं, "काय हो, तुम्ही तिघं एकदम नाही का येत? एकदाच खणा, सगळं काही घालून घ्या आणि बुजवा." तो म्हणाला, "बाई, आमची परवानगी वेगळी, त्यांची वेगळी." मी म्हटलं, "रस्ता तर एकच आहे!" तो हसला. त्याचं काय चुकलं म्हणा! त्याला खणायचं सांगितलं होतं, विचार करायचा नव्हता.

आता खणणारा वेगळा आणि बुजवणारा वेगळा. बुजवणाऱ्यानं येऊन माती लोटली, वरून खडी पसरली, डांबराचा हात फिरवला आणि गेला. मैत्रिणींनो, लोणच्याची बरणी आपण कशी भरतो? थर थर दाबून. मध्ये पोकळी राहिली तर वरचं तेल खाली उतरतं आणि लोणच्याला बुरशी येते. रस्त्याच्या चराचंही तेच आहे. माती थोडी थोडी घालून प्रत्येक थर चोपून बसवावा लागतो. तसं न करता एकदम भरली, की पहिल्या पावसात ती बसते, वरच्या डांबराला भेग पडते, भेगेतून पाणी आत शिरतं, आणि पाणी हा तर डांबराचा जन्माचा वैरी. खडीला धरून ठेवलेलं डांबर सुटतं, वरून गाड्यांची चाकं खडी उडवतात, आणि झाला खड्डा तयार! पाऊस बिचारा उगाच बदनाम. त्यानं फक्त बरणीचं झाकण उघडलं.

मग खड्डे झाले म्हणून पुढच्या मार्चमध्ये परत डांबर. जुना थर खरवडून काढायचा असतो म्हणे, पण तेवढी सवड कुणाला? तव्यावरचं धिरडं न काढता त्यावरच दुसरं घालावं, दुसऱ्यावर तिसरं, असं ते काम. आमच्या लग्नाच्या वेळी रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून घराच्या ओट्यावर यावं लागे. आज रस्त्यावरून एक पायरी उतरून यावं लागतं. आम्ही कुठं हललो नाही हो! रस्ताच मोठा झाला. जुलैमध्ये पाऊस थेट आमच्या बैठकीच्या खोलीत येतो. आमचे 'हे' म्हणतात, "पूर्वी पाहुण्यांना पाय धुवायला पाणी द्यायची पद्धत होती. आता पालिकाच देते."

रस्ता वर आला म्हटल्यावर फूटपाथ खाली कसा राहील? तोही उचलला. जुन्या चांगल्या शहाबादी फरश्या काढल्या आणि लाल-पिवळे ठोकळे बसवले. बारशाच्या पाळण्यासारखा रंगीबेरंगी फूटपाथ झाला. शेवटी एक पाटी : 'संकल्पना', खाली एक फोटो, 'विशेष सहकार्य', खाली दुसरा फोटो, 'शुभेच्छुक', खाली चौदा फोटो. फूटपाथवर चालायला जागा राहिली नाही, तरी बघायला माणसं भरपूर होती.

आणि मग एके दिवशी सासूबाई देवळात जायच्या थांबल्या.

आधी म्हणाल्या, "आज ऊन आहे गं." मग म्हणाल्या, "आज वारा फार आहे." मग म्हणाल्या, "गुडघे दुखतात." मी गुडघ्यांना तेल लावलं, शेक दिला, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानानं गुडघे उत्तम आहेत. आजींना रोज चालू द्या." सासूबाई खाली मान घालून पदराचं टोक चाळवत राहिल्या. रिक्षातून घरी आलो, आणि आमच्या दारासमोर त्या फूटपाथपाशी थांबल्या. एक पाय उचलला, परत खाली ठेवला. माझ्या खांद्याला धरलं, तेव्हा हात थरथरत होता.

गुडघे दुखत नव्हते, मैत्रिणींनो. फूटपाथ चढवत नव्हता, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. वाटत होतं, आपणच म्हाताऱ्या झालो.

मी घरात गेले आणि शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन आले. भर रस्त्यात उकिडवी बसले आणि फूटपाथची उंची मोजली. तेरा इंच! समोरचे गृहस्थ गॅलरीतून म्हणाले, "काय वहिनी, फूटपाथला ब्लाउज शिवताय का?" मी म्हटलं, "शिवलाच असता हो, पण कुठं मापातच बसत नाही."

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शिका आहे. त्यात फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं लिहिलंय." म्हणजे आपले सहा इंच. घरातल्या जिन्याची पायरी साधारण तेवढीच असते. "आणि चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी." म्हणजे जवळजवळ सहा फूट. मी टेप घेऊन परत बाहेर. तेरा इंच म्हणजे दोन पायऱ्या एका दमात! आणि रुंदी? पाच फुटांचा फूटपाथ, त्यात विजेची डीपी, ती ओलांडली की झाड, झाडापुढं दिव्याचा खांब, खांबाला टेकून जाहिरातीचा फलक, फलकाखाली ड्रेनेजचं वर आलेलं झाकण, आणि उरलेल्या जागेत एक स्कूटर. एका ठिकाणी मोकळी जागा भरली अकरा इंच. तेवढ्यातून माझी काकडीची पिशवी गेली असती. मी नसते गेले.

मग मी अर्ज लिहिला आणि क्षेत्रीय कार्यालयात गेले. तिथला प्रवास ऐका.

पहिल्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "डीपीचं आमच्याकडे नाही. ते वीज कंपनीचं." दुसरे म्हणाले, "झाड? उद्यान विभाग. वरच्या मजल्यावर." तिसरे म्हणाले, "खांब विद्युत विभागाचा." चौथे, "झाकण मलनिःसारणचं." पाचवे, "स्कूटरसाठी वाहतूक पोलिसांकडे जा." जाहिरातीच्या फलकासाठी जो विभाग होता त्याचं नाव 'आकाशचिन्ह'. इतकं काव्यमय नाव वाचून मला भरूनच आलं. आम्ही मेलं जमिनीवर ठेचकाळतोय, आणि यांचा विभाग आकाशातला!

शेवटी एका टेबलावर बसलेल्या वयस्क कारकुनांनी चष्मा वर करून विचारलं, "ताई, तुमचं नेमकं काम काय?"

"मला चालायचंय."

"ते ठीक आहे हो. पण विभाग कुठला?"

"तेच तर विचारतेय. झाडाला टेबल आहे, खांबाला आहे, झाकणाला आहे. चालणाऱ्या माणसाचं टेबल कुठलं?"

त्यांनी खरोखर विचार केला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "अर्ज आवक-जावकला देऊन ठेवा."

घरी येताना मला हसू येत होतं आणि रडूही. फूटपाथवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला मायबाप आहे. फक्त ज्याच्यासाठी फूटपाथ केला, तो चालणारा माणूस तेवढा अनाथ आहे.

बागेचंही तसंच. आमच्याकडे पालिकेची बाग आहे, छान आहे. उघडते सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ. आता तुम्हीच सांगा, सकाळी सहा ते दहा आपण कुठं असतो? डबे, चहा, अंघोळीचं पाणी, नळ. संध्याकाळी चारनंतर? पोरांचं खाणं, अभ्यास, स्वयंपाक. दिवसातले दोन तास बाईमाणूस मोकळं असतं, दुपारी दोन ते चार. तेव्हा बागेला कुलूप! फाटकावर पाटी : 'फुले तोडू नये, हिरवळीवर बसू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत, चेंडू खेळू नये.' खाली ठळक अक्षरांत : 'ही बाग आपली आहे.'

हे काही आजचंच आहे असं नाही बरं का. मागच्या वर्षी आमच्या भागात एका सभागृहाच्या उद्घाटनाला बडे पाहुणे आले. एका रात्रीत रस्ता गुळगुळीत, दुभाजकांवर कुंड्या, पांढरे पट्टे! पाहुण्यांची गाडी जिथं वळली तिथं डांबर संपलं. आजही ती रेघ दिसते. तेव्हा मला महात्मा फुले आठवले. जोतिराव १८७६ पासून काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, हे आपण विसरतो. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा विरोध करणारे जोतिराव एकटेच. पुढं मोठी मंडई बांधायचं ठरलं, तेव्हाही ते म्हणाले, हा पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च करा. मंडई झालीच, १८८६ मध्ये उघडलीही. आणि गंमत बघा, आज तिचं नाव महात्मा फुले मंडई! पालिकेला विरोध करणाऱ्याची तोंडं बंद करायची ही एक पद्धत दिसते. ऐकायचं नाही, नाव मात्र द्यायचं.

तुम्ही म्हणाल, बायकांनी यात काय करायचं? का बरं? मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या, आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यातही त्या पुढं होत्या. त्यांच्यामागं आपल्यासारख्याच बायका होत्या. २०११ पासून तर महाराष्ट्रात पालिकांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. निम्म्या! आता आमच्या प्रभागातल्या ताईंना फोन लावला की त्यांचे यजमान बोलतात, ही गोष्ट वेगळी. "ताई स्वयंपाकात आहेत, काय काम आहे?" मी म्हटलं, "मग तुम्ही पोळ्या लाटा आणि त्यांना फोनवर पाठवा." त्यांनी फोन ठेवला.

पुण्याला माझी धाकटी जाऊ राहते. ती सांगते, २०२१ मध्ये तिथं ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा करायला सुरुवात झाली. लोक रस्त्याच्या मधून चालले, पोरं खेळली, फार छान वाटलं म्हणे. चांगलीच गोष्ट आहे. फक्त मला उगाच पोळा आठवला. वर्षातला एक दिवस बैलाला अंघोळ, झूल, पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी परत मानेवर जू! चालणाऱ्यालाही एक दिवस मानानं मिरवायचं आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गटाराच्या कडेनं जायचं, असं होऊ नये एवढंच.

कायदा मात्र आपल्या बाजूनं आहे, हे लक्षात ठेवा. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळं जीव गेला तर घरच्यांना सहा लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. भाच्यानं हे वाचून दाखवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला मेल्यावर सहा लाख नकोत रे. मला जिवंतपणी देवळात जाऊ दे."

त्या दिवसापासून मी चिकाटी धरली. अर्जाची पोच घेतली, तक्रार क्रमांक लिहून ठेवला. महिन्यानं माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी दोनच गोष्टी विचारल्या : या फूटपाथची मंजूर उंची किती, आणि काम बिघडलं तर ठेकेदारावर किती काळ जबाबदारी? उत्तर आलं : उंची सहा इंच, जबाबदारी तीन वर्षं. मी त्या कागदाला शिवणाचा टेप पिनेनं लावला, तेरा इंचावर लाल शाईनं खूण केली आणि परत त्याच कार्यालयात नेऊन दिला. या खेपेला कागद टेबलावरून टेबलावर गेला नाही. थेट साहेबांकडे गेला.

आणि एक दिवस दारात एक मुलगी उभी राहिली. कनिष्ठ अभियंता. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, हातात नकाशाची गुंडाळी, चेहरा घामेजलेला. मला वाटलं, आता ही नियम सांगणार. पण मी बोलायच्या आधीच सासूबाई चप्पल घालून बाहेर आल्या आणि तिला म्हणाल्या, "ये बाळ. जरा माझा हात धर. मला देवळापर्यंत पोचव."

ती मुलगी काय बोलणार? धरला हात. आम्ही तिघी निघालो. ती चारशे पावलं जायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. नऊ वेळा खाली उतरलो, नऊ वेळा वर चढलो. दोनदा रस्त्यावरून जावं लागलं, तेव्हा मागून हॉर्न वाजले आणि मुलीनं सासूबाईंना दोन्ही हातांनी कवटाळलं. देवळाशी पोचलो तेव्हा त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. हळूच मला म्हणाली, "काकू, कागदावर हे सगळं सरळ दिसतं हो."

कट्ट्यावर दोघीच बसल्या होत्या. आठ महिन्यांत एक जागा रिकामी झाली होती. सासूबाईंना बातमी कळली होती, पण शेवटची भेट राहिली ती राहिलीच. चारशे पावलांवर राहणारी माणसं, मैत्रिणींनो! त्या कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून बसल्या. रस्त्याच्या कामाची बिलं निघतात. या गोष्टीचं बिल कुणाच्या नावानं काढायचं, तो विभाग मला अजून सापडलेला नाही.

दीड महिन्यानं काम झालं. सगळं नाही, पण झालं. आमच्या दारापाशी आणि देवळापाशी फूटपाथला उतार केला, झाकण सपाट झालं, आकाशचिन्ह आकाशात गेलं. डीपी आहे तिथंच आहे, झाड आहे (ते असूच दे), अजून चार ठिकाणी चढ-उतार बाकी आहेत. पण सासूबाई परत पाच वाजता निघू लागल्या. त्या मुलीचे मी मनापासून आभार मानले आणि घरचं लिंबाचं लोणचं दिलं. दाबून भरलेलं!

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. इतक्यात कशी संपेल? तिसऱ्याच दिवशी त्या उतारावर कुणीतरी स्कूटर लावली. छान उतार, चढवायला सोपा! चिठ्ठी लिहून लावली, तर दुसऱ्या दिवशी दोन स्कूटरी. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, बघतो.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्या, रांगोळीचा डबा घेतला आणि उताराच्या पायथ्याशी ठसठशीत ठिपक्यांची रांगोळी घातली. दोन्ही कडांना वेली, आणि मधून वर चढणारी लक्ष्मीची पावलं. मी म्हटलं, "आई, आज काय सण आहे?" म्हणाल्या, "सण नाही गं. पण रांगोळीवर गाडी घालायला अजून आपल्याकडचा माणूस जरा कचरतो."

खरंच कचरला! तेव्हापासून गल्लीतल्या आम्ही सातजणींनी वार वाटून घेतले आहेत. आज सोमवार, माझी पाळी. चालणारे कडेच्या वेलीजवळून जातात, पोरं पावलांवर पावलं ठेवून उड्या मारतात, आणि सासूबाई काठी टेकत, कुणाचा हात न धरता, वर चढतात.

परवा त्या मला म्हणाल्या, "अगं, लक्ष्मी घरात येते तेव्हा आपण तिची पावलंच का काढतो, ठाऊक आहे?"

"का हो आई?"

"कारण ती पायी येते. गाडीतून येत असती, तर आपण चाकांच्या खुणा काढल्या असत्या."

मैत्रिणींनो, तुमच्या घरीही शिवणाचा टेप असेलच. दुपारी दोन ते चार बाग बंदच असते. तेवढ्या वेळात दारासमोरचा फूटपाथ मोजून बघा. सहा इंचांपेक्षा जास्त भरला, तर कुणाचं टेबल ते विचारत बसू नका. सगळ्या टेबलांवर एकेक अर्ज ठेवून या, आणि पोच घ्यायला विसरू नका.